अवघड जागेचे दुखणे : आधी नाव, मग मलम

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण बहुतेक वेळा राजकारणाबद्दल नाहीतर भाऊबंदकीबद्दल वापरतो. त्वचारोगाच्या डॉक्टराला मात्र ती शब्दशः भेटते. जांघेतली, गुप्तांगावरची किंवा गुदद्वाराजवळची खाज घेऊन आलेला माणूस आधी हातावरचा तीळ दाखवतो, केस गळतात म्हणून सांगतो आणि खुर्चीतून उठता उठता हळूच म्हणतो, "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." तोपर्यंत त्याने किमान तीन मलमे लावून पाहिलेली असतात. एक औषधाच्या दुकानातून मागून आणलेले, एक शेजाऱ्याला गुण आलेले आणि एक गेल्या वर्षी उरलेले.

मला या लेखात एकच गोष्ट नीट उलगडून सांगायची आहे. खाज हे रोगाचे नाव नाही, ती तक्रार आहे. त्या एका तक्रारीमागे बुरशी असते, किडा असतो, ॲलर्जी असते, सोरायसिस असतो, मधुमेह असतो आणि क्वचित कर्करोगही असतो. यांतल्या एकाला जे मलम औषध ठरते, तेच दुसऱ्याला खतपाणी ठरते. म्हणून आधी नाव शोधायचे आणि मग मलम लावायचे. हा क्रम उलटा झाला की काय होते, याचा एक मोठा आणि महाग धडा आपला देश गेली दहा-बारा वर्षे गिरवतो आहे.

तिथली कातडी वेगळी असते

सगळ्या अंगावरची त्वचा एकसारखी नसते. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड लावून ते किती आत शिरते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागातून जेवढे शिरते त्याला एक धरले, तर तळपायातून त्याच्या सातव्या हिश्शाएवढे, कपाळातून सहापट आणि वृषणाच्या त्वचेतून तब्बल बेचाळीसपट शिरत होते. हाताच्या इसबासाठी दिलेले तीव्र मलम जांघेत लावणे म्हणजे काय, हे या एका आकड्यावरून कळते.

दुसरी अडचण अशी, की तिथे कातडीला कातडी घासते, घाम सुकत नाही आणि हवा लागत नाही. पाठीवर किंवा कोपरावर ज्या खुणांनी रोग ओळखू येतो, त्या खुणा तिथे पुसल्या जातात. कोरडा कोंडा ओलाव्याने निघून जातो, पापुद्रे टिकत नाहीत आणि सगळेच चट्टे लालसर व ओलसर दिसू लागतात. त्यामुळे मोबाइलवरचे चित्र पाहून घरच्या घरी निदान करणारा बहुधा फसतो.

रोगांचे वेगळेपण ओळखण्याची गरज मात्र आपल्याला नवी नाही. चरकसंहितेत त्वचारोगांचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत खाज हे लक्षण अनेकांना समान आहे, तरी दद्रु वेगळा आणि पामा वेगळी. दद्रु कोणत्या गटात घालायचा यावर चरक आणि सुश्रुत यांचे एकमतही नाही. आपले नायटा, गजकर्ण, खरूज, इसब हे घरगुती शब्दसुद्धा भेद करण्यासाठीच आहेत. दुर्दैव असे, की आज दुकानात यांपैकी कोणताही शब्द उच्चारला तरी पुढे सरकवली जाणारी ट्यूब पुष्कळदा एकच असते.

नायटा आणि त्याचा पालटलेला वेष

जांघेतल्या खाजेचे आपल्याकडचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे नायटा, अर्थात गजकर्ण. ही बुरशी त्वचेच्या मृत थरातल्या केराटिनवर जगते. मूळ रूपात तो ओळखायला सोपा असतो. चट्टा गोलसर असतो, कडेला उठावदार, खवल्यांची, लालसर रेघ असते आणि मधला भाग त्या मानाने स्वच्छ असतो. तो मांडीच्या आतल्या बाजूला, नितंबांवर, कमरेला पसरतो, पण वृषणाची त्वचा सहसा सोडून देतो. बायकांमध्ये परकराच्या नाडीखाली आणि पुरुषांत करदोट्याखाली तो हमखास दडून बसतो. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्याही बघायला हव्यात. तिथली बुरशी चड्डी घालताना वर चढते.

आता त्या ट्यूबकडे वळू. स्टेरॉइडचे मलम त्वचेवर उपयोगी पडते हे सुल्झबर्गर आणि विटन यांनी १९५२ साली दाखवले आणि त्वचारोगशास्त्राचा चेहरामोहराच बदलला. इसब, सोरायसिस, ॲलर्जी यांत ते वरदान आहे. पण स्टेरॉइडचे काम म्हणजे शरीराची स्थानिक प्रतिकारशक्ती शांत करणे. नायट्यावर ते लावले की दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि रुग्ण खूश होतो. बुरशी मात्र पहारा उठल्यासारखी निर्धास्त वाढू लागते. मलम थांबवले की खाज दुपटीने परतते, म्हणून पुन्हा मलम. या फेऱ्यात नायट्याची ती ओळखीची कडा नाहीशी होते, चट्टे वेडेवाकडे पसरतात, एका वर्तुळात दुसरे वर्तुळ उमटते. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी या अवस्थेला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हटले. मराठीत सांगायचे तर वेष पालटलेला नायटा.

आपल्याकडे स्टेरॉइड एकटे विकले गेले नाही. एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि जंतुविरोधी औषध घालून 'सगळ्यावर एक' अशी मलमे बाजारात आली आणि ती चिठ्ठीशिवाय मिळत राहिली. जांघेत महिनोन्महिने ती लावलेले तरुण मी नेहमी पाहतो. त्यांच्या मांड्यांवर लालसर-जांभळे, खोलगट पट्टे उमटलेले असतात, गरोदरपणानंतर पोटावर दिसतात तसे. नायटा बरा होतो, रंग फिका पडतो, पण पट्टे जन्मभर राहतात.

त्वचारोगतज्ज्ञांच्या 'आयएडीव्हीएल' या अखिल भारतीय संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध कृतिगट उभारून पाठपुरावा केला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदी आली, त्यांतही अशी काही मलमे होती. कायदा झाला, पण सवय जायला वेळ लागतो.

या काळात बुरशीही बदलली. भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या एका बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० साली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षांचे भरवशाचे औषध चालत नाही, कारण ते ज्या विकरावर काम करते त्याच्या जनुकातच बदल झालेला आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये अशा दोन रुग्ण स्त्रियांची नोंद झाली. त्यांतली एक अलीकडे परदेशी गेलेलीसुद्धा नव्हती. पूर्वी जो नायटा दोन-चार आठवड्यांत आटोपायचा, त्याला आता कित्येकदा दोन महिने आणि कधी त्याहून अधिक काळ पोटातून औषध द्यावे लागते.

नायट्यासारखे दिसणारे शेजारी

कँडिडा हीसुद्धा बुरशीच, पण यीस्टच्या कुळातली. तिचा चट्टा कच्च्या मांसासारखा लाल, ओलसर आणि चुरचुरणारा असतो. मुख्य चट्ट्याच्या बाहेर छोट्या छोट्या पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात, मोठ्या बेटाभोवती लहान बेटे असावीत तशा. नायटा वृषण सोडतो, कँडिडा सोडत नाही. पुरुषांत शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली पांढरट थर आणि कातडीला बारीक चिरा दिसल्या, की मी पहिल्यांदा रक्तातली साखर तपासायला सांगतो. मधुमेहाचा पहिला पत्ता असा अवघड जागेवरून लागलेले रुग्ण प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाने पाहिले आहेत. मधुमेहासाठी अलीकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही तिथे कँडिडा वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पण ती चालू आहे हे त्वचेच्या डॉक्टरला, आणि खाज सुटते आहे हे मधुमेहाच्या डॉक्टरला सांगायलाच हवे.

एरिथ्राझ्मा हा तिसरा शेजारी. तपकिरी, सपाट, किंचित सुरकुतलेला, फारसा न खाजणारा चट्टा. वर्षभर 'नायट्याचे' मलम लावूनही जात नाही, कारण तो जिवाणूमुळे होतो. निदान मात्र पाहण्यासारखे असते. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पचा जांभळा प्रकाश टाकला की चट्टा पोवळ्यासारखा गुलाबी-लाल चमकतो, कारण त्या जिवाणूने तयार केलेले पॉर्फिरिन प्रकाशते. तपासणीच्या आधी नुकतीच घासूनपुसून अंघोळ केली असेल तर ते रंगद्रव्य धुऊन जाते आणि चमक दिसत नाही.

सोरायसिस जांघेत येतो तेव्हा त्याचे चंदेरी पापुद्रे हरवतात. उरतो तो गुळगुळीत, चकचकीत, नकाशातल्या सीमेसारख्या स्पष्ट कडेचा लाल चट्टा, बहुधा दोन्ही बाजूंना सारखा. अशा वेळी त्या जागेकडे कमी आणि बाकीच्या अंगाकडे जास्त बघावे लागते. कोपर, गुडघे, डोके, कानामागची जागा, नितंबांमधली फट आणि नखांवरचे बारीक खड्डे पाहावे लागतात. तिथे पुरावा सापडला की जांघेतले कोडे सुटते.

रात्रीची खाज आणि घरभर खाज

खरजेचा किडा उघड्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. मादी सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी मिलिमीटर असते, ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालते. इटलीतल्या बोनोमो याने १६८७ साली या किड्याचे वर्णन करून खरजेशी त्याचे नाते दाखवले. सूक्ष्म जीवामुळे रोग होतो हे माणसाने ज्या पहिल्या रोगांत ओळखले, त्यांत खरूज येते. तरीही २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेला तिचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत करावा लागला.

खरूज ओळखण्यासाठी माझे दोनच प्रश्न असतात. खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते का? आणि घरात आणखी कोणी खाजवते का? दोन्हींना 'हो' आले, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ दिसले आणि शिश्नावर किंवा वृषणावर खाजणाऱ्या टणक गाठी असल्या, तर शंका उरत नाही. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून घरातल्या न खाजणाऱ्यांनीही त्याच रात्री औषध लावायचे असते, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा, आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा. फक्त खाजते तिथेच मलम लावल्याने खरूज महिनोन्महिने घरात फिरत राहते. उलट, नीट उपचार झाल्यावरही खाज दोन-तीन आठवडे आणि गाठी त्याहून अधिक काळ राहू शकतात. ते औषध फसल्याचे लक्षण नाही, म्हणून घाबरून रोज औषध लावायचे नाही.

स्वच्छतेचा अतिरेक

काही खाज आपणच तयार करतो. घाण असेल म्हणून खाजते, या समजुतीने लोक दिवसातून तीनदा साबण, जंतुनाशक द्रव, कडुनिंबाचा काढा, लिंबू असे काहीही वापरतात. त्वचेचा तेलकट संरक्षक थर जातो, आग होते, म्हणून आणखी धुणे होते. सॅनिटरी पॅड, सुगंधी ओले पुसणे, केस काढण्याची क्रीमे, तंग सिंथेटिक कपडे, मूळव्याधीसाठी आणलेली मलमे यांनीही ॲलर्जी किंवा दाह होतो. ओल्या पुसण्यांत वापरल्या जाणाऱ्या मिथाइलआयसोथायझोलिनोन या द्रव्याला अमेरिकेतल्या संपर्क-ॲलर्जीच्या तज्ज्ञ संघटनेने २०१३ साली 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवले होते. चट्ट्याचा आकार नेमका पॅडच्या किंवा इलॅस्टिकच्या आकाराचा असला, तर आरोपी समोरच असतो.

या सगळ्यानंतर उरते ती खाजवण्याचीच सवय. खाजवल्याने कातडी जाड होते आणि जाड कातडी आणखी खाजते. मूळ कारण कधीच संपलेले असते, चक्र मात्र चालू राहते. वृषणावर किंवा योनीच्या बाहेरच्या ओठांवर, बहुधा एकाच बाजूला, चामड्यासारखा जाड, रेषा ठळक झालेला, काळसर पट्टा दिसतो. इथे बुरशीचे औषध काहीच करत नाही. खाजवणे तोडणे हाच उपचार, आणि त्यासाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक दिवस स्टेरॉइड लागते.

बायकांचे अधिक अवघड

बायकांच्या बाबतीत पहिला प्रश्न असा, की अंगावरून पांढरे जाते का आणि कसे? दह्याच्या कवड्यांसारखे घट्ट, वास नसलेले आणि प्रचंड खाज असेल तर कँडिडाचा संशय. पातळ, करडे, माशासारखा वास आणि खाज बेताची असेल तर योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असू शकतो. फेसाळ, हिरवट-पिवळे असेल तर ट्रायकोमोनास, आणि त्यात जोडीदारालाही औषध द्यावेच लागते. ही केवळ दिशा झाली, खात्री स्लाइड तपासूनच होते.

पण ज्या रोगाबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने लिहायचे आहे, त्यात अंगावरून काहीच जात नाही. त्याचे नाव लायकेन स्क्लेरोसस. बहुधा पाळी गेलेल्या बायकांना होतो, कधी पाळी न आलेल्या लहान मुलींनाही. योनीमुखाभोवतीची आणि गुदद्वाराभोवतीची कातडी पांढरी, पातळ, कागदासारखी चुरगळलेली दिसते. पुष्कळदा दोन्ही मिळून इंग्रजी आठाचा आकार होतो. रात्री झोप मोडणारी खाज असते, चिरा पडतात, लघवीला आग होते. पुढे आतले ओठ विरघळल्यासारखे नाहीसे होतात, वाट आक्रसते. थोड्या रुग्णांत, साधारण शंभरात पाच किंवा त्याहून कमी, त्याच जागी कर्करोग उद्भवतो.

अशा आजी 'बुरशी असेल' म्हणून पाच-सहा वर्षे क्रीम आणि गोळ्या घेऊन आलेल्या असतात. काहींनी तर घरात कोणालाच सांगितलेले नसते. 'या वयात तिथली तक्रार काय सांगायची?' आणि यावर पहिल्या पसंतीचे औषध कोणते? क्लोबेटासोल, म्हणजे सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक. ज्याने तरुणाचा नायटा बिघडवला, तेच या आजींना शांत झोप देते, उरलेली रचना वाचवते आणि नियमित वापराने कर्करोगाचा धोकाही कमी करते. स्टेरॉइडची भीती ऐकून त्या ते लावायला घाबरतात, तेव्हा समजावत बसावे लागते. औषध चांगले किंवा वाईट नसते. ते कोणत्या रोगावर, किती आणि किती दिवस लावले, यावर सारे ठरते.

डॉक्टर काय करतो, आपण काय करायचे

नाव शोधण्याच्या तपासण्या साध्या आहेत. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले की केराटिन विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले धागे दिसतात. काही मिनिटांचे आणि थोड्या खर्चाचे काम. मात्र आठवडाभर बुरशीचे मलम लावून गेलात तर धागे सापडत नाहीत. शंका उरलीच तर सुन्न करून कातडीचा छोटा तुकडा तपासतात.

जाताना तीन गोष्टी कराव्यात. लावलेली सगळी मलमे, रिकाम्या ट्यूबसुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. चालू गोळ्यांची यादी न्यावी. आणि ती जागा दाखवावी. 'नुसतं औषध लिहून द्या' म्हणणाऱ्याला डॉक्टर अंदाजानेच लिहून देणार. स्त्रीला पुरुष डॉक्टर नको असेल तर तसे आधीच सांगण्यात काही गैर नाही. तपासताना सोबत नर्स किंवा घरचे माणूस असावे, ही मागणीही रास्तच आहे.

ट्यूब हातात आली की मागचे बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. निदान झाल्याशिवाय ते जांघेत लावू नका. नायटा ठरला तर औषध सांगितले तितके दिवस घ्या, चट्टा दिसेनासा झाला म्हणून थांबू नका. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवा आणि घरात ज्याला ज्याला असेल त्याने एकाच वेळी उपचार घ्या.

काही खुणांना मात्र वाट पाहायची नसते. चिघळलेली, न भरणारी जखम, टणक गाठ, वाढत जाणारा पांढरा चट्टा किंवा रक्तस्राव. पाण्याच्या फोडांसह आग आणि ठणका असेल तर ती नागीण किंवा हर्पीस असू शकते, पहिल्या दोन-तीन दिवसांतच दाखवावे. आणि उतारवयात एकाच बाजूला असलेला, इसबासारखा दिसणारा, कोणत्याही मलमाला दाद न देणारा लाल चट्टा असेल, तर तुकडा तपासण्याचा आग्रह तुम्हीच धरा. पॅजेटचा रोग नावाचा कर्करोग नेमका असाच, खाजेचे निमित्त करून, वर्षानुवर्षे दडून राहतो.

जागा अवघड असली तरी यांतले बहुतेक रोग अवघड नाहीत. नाव कळले की पुष्कळसे बरे होतात आणि उरलेले आटोक्यात राहतात. वेळ जातो तो बोलायचे कधी, या विचारात.